तुरटी

वडगावच्या कोबीच्या वाफ्यांत
रात्री बॅटऱ्या घेऊन उतरतात माणसं,
गोगलगायी वेचून मिठाच्या पिंपात टाकतात.
मोरेनिके म्हणाली, मीठ नको, मला द्या.
यल्लाप्पा होसूरकरानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं,
बादली भरून दिली, वर कोबीचा एक गड्डा.
मी तीनदा विचारलं, विषाच्या गोळ्या टाकल्या नाहीस न्हवं?
"नाही वो काकू. गोळ्यांना पैसे कुठले."

आम्ही म्हणतो गोगलगाय, पोटात पाय.
पलीकडची गिरिजव्वा म्हणते बसवनहुळू.
एकाच भिंतीच्या अलीकडं गाय, पलीकडं बैल.
मोरेनिके म्हणाली, इग्बीन.
त्यात ना शिंगं, ना शेपूट.

चार दिवस टोपलीखाली ठेवल्या,
कोंडा, कोबीची पानं, वर पाट्याचा दगड.
शेडात, मागाच्या शेजारी.
रात्री पाणी प्यायला उठले तर
पानं कुरतडल्याचा बारीक आवाज.
सात वर्षांनी त्या शेडात
काहीतरी चालू होतं.

पाचव्या दिवशी तिनं वरवंटा मागितला.
शंखाच्या टोकावर एक ठोका, दाभणानं ओढलं,
आणि मग ती बुळबुळ!
मिठानं धुतलं, लिंबानं धुतलं,
बोटांना खळीसारखं चिकटून तसंच.
ती काहीतरी मागत होती, मला शब्द कळेना.
शेवटी तिनं आपल्या गालावरून तळवा फिरवला,
कानापासून हनुवटीपर्यंत, दाढी केल्यासारखा.

मी आत गेले.
आरशामागच्या फळीवर, ब्रशाच्या डबीत,
ह्यांची तुरटी.
मधे खोलगट झिजलेली,
एका गालाच्या मापाची.
देऊ का नको, असं काही मनात आलं नाही.
आलं ते नंतर, ती घासायला लागल्यावर.
पाणी पांढरं होत गेलं, मांस घट्ट.
तिनं उरलेला तुकडा धुऊन
पदरानं पुसून परत दिला. माझ्याच पदरानं.

त्यांच्याकडची मिरची म्हणे फुगीर, सुरकुतलेली,
वासातच गोडवा असलेली.
इथं मिळाली संकेश्वरी, तिला गोडवा माहीत नाही.
लाल तेल बाटलीत दोन बोटं उरलेलं,
थंडीनं गोठलेलं, अंगणात उन्हाला ठेवलं.
कुठलंसं एक बी मात्र नव्हतंच.
मी तिरफळं पुढं केली.
तिनं नाकाशी धरली, डोळे मिटले,
"जवळ आहे," म्हणाली,
आणि थोड्या वेळानं, "पण ते नव्हे."

मग वाटण तेलात पडलं.
आधी ती खोकली, मग मी,
मग भिंतीपलीकडून गिरिजव्वा,
"एन माडाकत्तीरि वो!"
आणि तिचा नातू, आणि त्यांचं कुत्रंसुद्धा.
आम्ही दोघी दाराबाहेर पायरीवर
डोळे पुसत बसलो,
आणि तेवढ्यात तिला आईचा फोन आला.
आईला वाटलं, पोरगी रडालीय.
तिनं फोन कढईकडं फिरवला.
पलीकडून हसू आलं,
आणि काहीतरी सूचना. सगळ्या आया सारख्याच:
मीठ बघ म्हणाली असणार.

मी एकच खाल्ली.
पहिल्यांदा रबर, नंतर कुर्लीच्या नांगीतलं,
नंतर जिभेला काही कळेनासं झालं.
भाकरीचा तुकडा मोडला, दुसरी घेतली.
ह्यांनी पानावरून उठून
देवघरात जाऊन बसले असते.
किंवा नसतेही. विचारायचं राहिलं.

एकोणीस आणल्या होत्या. शिजल्या अठरा.
तीन दिवसांनी सकाळी
गिरिजव्वानं हाक मारली.
सामायिक भिंतीच्या माथ्यावर,
हेस्कॉमच्या मीटरला टेकून, शिंगं बाहेर काढून
एक बसलेली.
आमच्या शेडातनं निघून वरपर्यंत
चकचकीत रेघ.

"निम्देन्री इदु?"
तुमचं का हो हे?

मी हातात झाडू तसाच धरून उभी.
वर खोलीत मोरेनिके झोपलेली, रात्रपाळी करून आलेली.
हो म्हणावं, तर कुणाचं म्हणून सांगू.